हरणीची वही : कारवान हाऊंड दत्तक घेतल्यापासूनच्या नोंदी

५ नोव्हेंबर २०२३, रविवार

कुत्र्यांच्या रेस्क्यू संस्थेच्या ताई आज घर बघायला आल्या. पिशवीत मोजपट्टी होती. चहा नंतर घेते म्हणाल्या, आधी भिंत दाखवा. आमच्या पुण्यातल्या पाषाणच्या घराला मागेपुढे अंगण आहे, कंपाउंड चार फुटी. ताईंनी मोजलं आणि म्हणाल्या, "ही तिला उभ्याउभ्या पार होईल. सहा फूट लागेल. आणि फाटकाच्या आत दुसरं फाटक." एक उघडं असेल तेव्हा दुसरं बंद, हा नियम घरातल्या सगळ्यांना, पाहुण्यांनाही.

कुत्री इंदापूरजवळ सोलापूर रस्त्याच्या कडेला सापडली होती. कारवान हाऊंड म्हणजे शिकारी देशी जात, बदामी रंग, दातांवरून दोनेक वर्षांची. छातीवर तारेनं फाटल्याचा जुना व्रण आहे. मागच्या डाव्या पायाचं एक बोट मोडून वाकडंच जुळलंय. सापडली तेव्हा गोचीड ताप होता, त्यावर डॉक्सिसायक्लिन या अँटिबायोटिकचा २८ दिवसांचा कोर्स झाला. नसबंदी झालीय, रेबीज आणि बाकीच्या लसी झाल्यात. खांद्याशी उंची ६५ सेंमी, वजन १७.५ किलो. वजन २१-२२ पर्यंत यायला हवं.

मी आजच आणायला तयार होते. ताई नाही म्हणाल्या. लक्ष्मीपूजन येत्या रविवारी आहे, नवीन घर आणि वर फटाके म्हणजे ती सुटणारच, आणि हे कुत्रं सुटलं की माणूस गाठू शकत नाही. १९ तारीख ठरली. ही वही ठेवायची अटही त्यांचीच. सहा महिने चाचणीचे, तोवर कुत्री कागदावर संस्थेची.

१८ नोव्हेंबर, शनिवार

भिंतीवर लोखंडी अँगल आणि जाळी बसली. आतलं फाटक बसलं. फॅब्रिकेटरनं जाळीची वरची टोकं उघडी ठेवली होती, ती वाकवून घेतली. या जातीची कातडी पातळ असते, अंगावर चरबी जवळपास नाही, एवढ्याशा तारेनं मोठी जखम होते असं ताईंनी दोनदा बजावलं होतं. त्यांनी डॉक्टरांची एक चिठ्ठीही दिलीय, फाईलमध्ये पहिल्या पानावर लावली. भूल द्यायची वेळ आली तर थायोपेंटल वापरू नये, नजरेनं शिकार करणाऱ्या सडपातळ कुत्र्यांच्या शरीरातून ते लवकर बाहेर पडत नाही.

१९ नोव्हेंबर, रविवार

आली. गाडीत पूर्ण वेळ उभी होती. घरात पाऊल टाकल्यावर फरशीवरून चारी पाय चार दिशांना गेले आणि ती तशीच थांबली, हललीच नाही. फरशी तिनं कधी पाहिली नसावी, जिनाही नसावा. घरातल्या सगळ्या सतरंज्या, चटया आणि आईच्या दोन गोधड्या अंथरून दारापासून तिच्या कोपऱ्यापर्यंत वाट केली. ती फक्त त्या वाटेवरून चालते.

आईनं पाय बघितले आणि हरणी म्हणाली. तेच नाव राहिलं.

२१ नोव्हेंबर, मंगळवार

भुंकत नाही. रात्री दारापाशी उभी राहते, झोपत नाही. भात, उकडलेलं चिकन, एक अंडं असं तीन वेळा थोडं थोडं. छाती खोल असलेल्या कुत्र्यांच्या पोटाला पीळ पडण्याचा धोका असतो, म्हणून जेवणाआधी आणि नंतर तासभर धावणं नाही. कोणी तिच्या अंगाला हात लावायचा नाही हेही ठरलंय. ती आली तर येऊ दे. आई तिच्या कोपऱ्याजवळ पाठ करून गवार मोडत बसते. आज हरणीनं आईच्या पाठीचा वास घेतला.

२७ नोव्हेंबर, सोमवार

आज ती सुटली. फाटकापाशी स्कूटरनं हॉर्न दिला, हरणी मागे सरकली आणि माझ्या हातात नुसता पट्टा उरला. या कुत्र्यांची मान डोक्यापेक्षा रुंद असते, साधा पट्टा कितीही आवळा, उलटं ओढलं की कानांवरून निघतो. बाहेरचं फाटक बंद होतं म्हणून ती आमच्या दोन फाटकांच्या मधे अडकली. नाहीतर थेट सूस रस्ता. मी खाली बसले आणि बराच वेळ उठले नाही. तीही थरथरत शेजारी उभी होती.

संध्याकाळी मोच्याकडून दोन इंच रुंद, आतून फलालीन लावलेला, ओढला की तेवढ्यापुरताच आवळणारा पट्टा शिवून घेतला. यापुढे पट्टा आणि छातीचा हार्नेस दोन्ही, दोन वेगळ्या दोऱ्या, एक हातात आणि एक कमरेला.

३ डिसेंबर, रविवार

आठवड्यात पाच जणांनी विचारलं, उपाशी ठेवता का हो हिला? शेवटच्या तीन बरगड्या आणि कमरेची दोन हाडं दिसणं या जातीत निरोगीपणाचं लक्षण आहे. सगळी हाडं दिसली तर उपासमार, एकही दिसली नाही तर लठ्ठपणा. हे मी पाचही जणांना सांगितलं. सहावे शेजारच्या सोसायटीचे वॉचमनकाका, सांगोल्याचे. त्यांनी काही विचारलं नाही. फाटकाबाहेर उभे राहून बघत राहिले आणि म्हणाले, "ताई, हे कारवानी हाय. कुठनं आणलं?"

मी सगळी हकीकत सांगितली. वाकडं बोट दाखवलं. काकांनी मान हलवली. त्यांच्या लहानपणी गावात अशी कुत्री होती. पहाटे दोन-तीन जण मिळून माळावर निघायचे, ससा उठला की सोडायचे. "वासानं न्हाय, नजरेनं मारतंय. दिसलं की गेलं. पाय मोडला की मालक बघत न्हाय. धावंना त्याचा काय उपेग?" मग म्हणाले, आता बंदी आहे, पण लपूनछपून चालतंच.

वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा आहे. सशाची शिकार गुन्हा आहे, कुत्रा सोडून केलेलीसुद्धा. हरणीचा पाय कसा मोडला हे मला कधीच कळणार नाही, पण काकांचं बोलणं ऐकल्यापासून ते वाकडं बोट मी वेगळ्या नजरेनं बघते.

१० डिसेंबर, रविवार

मुसकं घालायची सवय लावतेय. जाळीचं, ज्यात तोंड उघडता येतं आणि पाणी पिता येतं असं. आत दही लावायचं, तिनं स्वतः तोंड घातलं तरच. नऊ दिवसांत आज पट्टी लावू दिली. हे का, तर शेजारच्यांची मांजर. हरणी खिडकीतून तिला बघते तेव्हा शेपूट खाली, कान मागे चिकटलेले, अंग दगड. तिच्यात राग नसतो. हजारो वर्षं माणसानंच निवडून निवडून घडवलेली ती नजर आहे. शेजारच्या वहिनींना सांगून ठेवलंय, आम्ही बाहेर निघायच्या आधी बेल वाजवू.

२४ डिसेंबर, रविवार

तीन आठवडे रोज पहाटे सायकलला बांधून पाषाण तलावाच्या बाजूनं आठ किलोमीटर. हिशेब सोपा वाटला होता, एवढी शक्ती आहे तर खर्च करू. झालं उलट. दम वाढला, शांतपणा आला नाही. घरी येऊन अर्धा तास पडते, मग येरझारा. गादी फाडली, बेडरूमच्या दाराची चौकट कुरतडली. गुरुवारपासून वाकडं बोट सुजलंय.

डॉक्टरांनी सायकल बंद करायला सांगितली. रक्ताच्या रिपोर्टमध्ये लाल पेशींचं प्रमाण ५६ टक्के आलं, प्रयोगशाळेनं जास्त म्हणून खूण केली होती. डॉक्टर म्हणाले, वेगानं धावणाऱ्या या कुत्र्यांत हे असंच असतं, घाबरू नका, फक्त नवीन डॉक्टरकडे गेलात तर हा कागद न्या.

काकांना सायकलचं सांगितलं. त्यांना वाईटच वाटलं. "ताई, हे कुत्रं मिनिटाचं हाय, तासाचं न्हाय. एक मिनिट धावंल, दिवसभर झोपंल. तुम्ही त्याला बैल केलाय."

हे वाक्य मी फ्रिजवर लावलंय.

७ जानेवारी २०२४, रविवार

नवीन आखणी. एका ओळखीच्यांचा भूगावला प्लॉट आहे, वीस गुंठे, चारी बाजूंनी सहा-सात फूट भिंत. आठवड्यातून दोनदा जायचं. शनिवारी आम्ही तिघांनी तिथून काचा, बांधकामाची तार आणि दगड वेचले, तीन गोण्या भरल्या. खड्डे मातीनं बुजवले. पूर्ण वेगात पाय खड्ड्यात गेला तर नळीचं हाड राहत नाही.

बांबूला दहा फूट दोरी, टोकाला गोणपाटाचा तुकडा. काठी मोठ्या गोलात फिरवायची, अचानक वळवायची नाही, सांध्यांना तेच बाधतं. मग हरणीची दोरी सोडली. ती आधी उभी राहून बघत होती. मग तुकडा गवतावरून सळसळला.

मी फोनवर मंदगतीत चित्रण केलं आणि घरी येऊन वीस वेळा बघितलं. एका झेपेत चारी पाय दोनदा जमीन सोडतात, एकदा अंग पूर्ण ताणलेलं असताना आणि एकदा पाय पोटाखाली गोळा झालेले असताना. पाठीचा कणा धनुष्यासारखा वाकून सुटतो. पाच-सहा फेऱ्या, जेमतेम दीड मिनिट. मग ती स्वतःहून थांबली, माझ्याकडे आली आणि डोकं माझ्या मांडीत खुपसलं. घरी चार तास झोपली, उताणी, पाय भिंतीला टेकवून. दीड महिन्यात तिला अशी झोपलेली पाहिली नव्हती.

बाकीचे दिवस सकाळ-संध्याकाळ अर्धा तास संथ चालणं, थांबू देणं, वास घेऊ देणं. घरात टॉवेलच्या घड्यांत खाऊ लपवून शोधायला लावणं.

१४ जानेवारी, रविवार

वेताळ टेकडीवर गेलो, पंचवटीच्या बाजूनं. चूक माझी. दहा मीटरची लांब दोरी आणली होती आणि तिला मोकळं वाटावं म्हणून पूर्ण सैल सोडली. झुडपातून लांडोर निघाली. दोरी माझ्या तळव्यातून गेली, साल निघालं, मी पडले. दोरीचं दुसरं टोक कमरेला होतं म्हणून हरणी थांबली, हार्नेसला होती म्हणून मान वाचली. लांडोर उडाली, दोन हातांचं अंतर होतं.

मोर हा राष्ट्रीय पक्षी आहे, कायद्यानं सर्वाधिक संरक्षण असलेला. पण कायदा बाजूला ठेवला तरी ती टेकडी त्यांचीच आहे. तिथे मुंगसं आहेत, घोरपडी आहेत, जमिनीवर घरटी करणारे पक्षी आहेत. आम्ही पाहुणे. तिला टेकडीवर कधीही सोडायचं नाही, आणि दोरी तीन मीटरपेक्षा लांब नाही. रोज पहाटे टेकडीवर आपली कुत्री सोडून देणाऱ्यांना मी आजपर्यंत काही बोलले नव्हते. आता बोलते.

२८ जानेवारी, रविवार

वळून बघण्याचा सराव. तिला काही दिसलं की उडी मारण्याआधी दीड-दोन सेकंद ती गोठते. काम तेवढ्याच वेळात करायचं. त्या क्षणी स्टीलच्या डब्याचं झाकण वाजवायचं. तिनं मान वळवली की चिकन. "ये" हा शब्द वापरत नाही, सुरुवातीच्या आठवड्यांत आम्ही सगळ्यांनी तो इतका वाया घालवला की तिच्या लेखी तो रस्त्यावरच्या आवाजांपैकी एक झाला.

अंतर महत्त्वाचं. मांजर पन्नास फुटांवर असेल तर झाकण ऐकू येतं. वीस फुटांवर कान असूनही नसल्यासारखे. म्हणून आधी लांबून. या आठवड्यात २२ वेळा काहीतरी दिसलं (खारी, कोंबड्या, मांजर, एक फुगा), ४ वेळा वळली.

४ फेब्रुवारी, रविवार

आईनं विचारलं, ही कुत्री मूळची कुठली? वाचलेलं सांगितलं. लातूर, सोलापूर, खाली विजापूर आणि बागलकोट, हा सगळा कोरडा, उघडा माळ हिचा मुलूख. झाडी कमी, नजर लांबवर जाते, म्हणून नजरेनं शिकार करणारं कुत्रं इथं घडलं. कर्नाटकात मुधोळ म्हणतात. मुधोळचे राजे मालोजीराव घोरपडे यांनी ही जात जोपासली आणि इंग्लंडच्या पंचम जॉर्जना जोडी भेट दिली. अंगावर लांब रेशमी केस असतील तर पश्मी. केनेल क्लब ऑफ इंडियाच्या नोंदीत कारवान हाऊंड, तर इंडियन नॅशनल केनेल क्लबच्या नोंदीत मुधोळ हाऊंड. २००५ मध्ये टपाल खात्यानं देशी कुत्र्यांची तिकिटं काढली त्यांत मुधोळ आहे. ऑगस्ट २०२० मध्ये पंतप्रधानांनी 'मन की बात'मध्ये देशी जाती पाळा असं सांगताना मुधोळचं नाव घेतलं.

देशी जात पाळावी हे मलाही मनापासून पटतं. पण ताईंचा अनुभव असा की लोक नाव ऐकून पिल्लू घेतात, ते वर्षाचं झालं की तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये मावत नाही, आणि मग फोन येतो. देशी म्हणजे सांभाळायला सोपी असं लोकांच्या डोक्यात बसलंय. हवेला आणि रोगराईला ती कणखर आहेच, पण तिला हवी ती जागा मिळाली नाही तर तिचे हाल होतात.

२५ फेब्रुवारी, रविवार

या आठवड्यात २० पैकी ११ वेळा वळली. दुपारी भूगावला धावताना बोरीच्या काट्यानं मांडीची कातडी सात सेंमी फाटली, रक्त फारसं नाही पण आतलं मांस दिसत होतं. तिनं आवाजही केला नाही, धावतच होती. मीच पाहिलं. दवाखान्यात चिठ्ठी पुढे केली, डॉक्टरांनी जागा बधिर करून आणि हलकं गुंगीचं औषध देऊन नऊ टाके घातले. चौदा दिवस धावणं बंद. बोरीचं झुडूप मी संध्याकाळी परत जाऊन मुळापासून काढलं.

२५ मार्च, सोमवार, धुळवड

दारं-खिडक्या बंद, पंखा मोठ्यावर, आई हरणीजवळ. रंगाचं एक बोटही लागू दिलं नाही. बाहेर ढोल सुरू झाला तेव्हा ती उठून आईच्या पलंगावर चढली आणि गोधडीखाली शिरली. पलंगावर चढायचं नाही हा आईचा नियम होता. आईनं गोधडी नीट केली.

१४ एप्रिल, रविवार

ऊन. धावणं पहाटे साडेपाचला, फक्त एकदा, मिनिटभर. डांबरावर हाताचा उलटा तळवा सात सेकंद टेकवता आला नाही तर तिला बाहेर न्यायचं नाही. कापड ओलं करून पोटाला आणि मांड्यांच्या आतल्या बाजूला. दुपारी बारा ते पाच ती मोरीत झोपते.

वजन २१.४.

१९ मे, रविवार

सहा महिने झाले. ताई आल्या, वही पूर्ण वाचली, सायकलच्या पानावर थांबल्या. मला वाटलं रागावतील. त्या म्हणाल्या, हे पान फोटो काढून घेते, पुढच्या घरांना दाखवायला. मग कागदावर सह्या झाल्या. साक्षीदार म्हणून काकांची सही घेतली. त्यांनी आधी हात धुतले.

९ जून, रविवार

पाऊस सुरू झालाय. भूगावच्या प्लॉटवर दसऱ्याला बांधकाम सुरू होणार असं मालकांनी कळवलं. त्यांनी आजवर एक पैसा घेतला नाही, तक्रार नाही. पण चार महिन्यांत दुसरी जागा हवी.

आज काकांना सुट्टी होती, त्यांना घेऊन लवळ्याच्या बाजूला एक जागा बघायला गेले. हरणीला घरी ठेवलं. पाऊण एकर, सपाट, गवत घोट्याएवढं, तीन बाजूंना सात फूट भिंत, चौथ्या बाजूला साडेपाच, तिथं जाळी लावता येईल. भाडं परवडणारं. मी मनात फेऱ्या आखायलाही लागले होते. वायव्य कोपऱ्यात भिंतीखालची माती पावसानं वाहून गेली होती, हातभर घळ पडलेली. काका तिथं उकिडवे बसले. गवताच्या बुडाशी वाटाण्याएवढ्या गोल, कोरड्या लेंड्या होत्या. एक त्यांनी बोटांत फोडली.

"ससा हाय ताई. रोज येतोय."

मालकांना फोन करून नको म्हणून सांगितलं. परत येताना काकांनी सांगोल्याकडच्या माळाचं काहीबाही सांगितलं, मी ऐकत होते. बुधवारी सूसच्या पुढे एक जुनं पोल्ट्रीचं आवार बघायचंय.